मखर दहा दिवसांचं असतं

भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत बोरिवलीला झाली. जेवणं उरकल्यावर मठ्ठ्याचा ग्लास माझ्या हातात देत तो म्हणाला, "मामा, तुमच्या पिढीला घर म्हणजे नुसता निवारा वाटायचा. घर दिसायलाही हवं ना!" मी मान वर केली. छताखाली आणखी एक छत होतं. त्याच्या कडेनं दडवलेले दिवे रिमोटवर आधी पिवळे, मग निळे, मग जांभळे झाले. टीव्हीमागे जमिनीपासून वरपर्यंत पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल आणि त्यातून गेलेली सोनेरी रेघ. समोरची भिंत कोळशाच्या रंगाची. पाहुणे पाळीपाळीनं त्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते. मी "छान" म्हणालो, कारण वास्तुशांतीला तेवढंच म्हणायचं असतं. उरलेलं इथे म्हणतो.

त्याचे मुद्दे त्याच्या एकट्याचे नाहीत. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत ज्याच्या हातात नव्या घराची किल्ली पडते, त्याला ते कोणी ना कोणी ऐकवतंच. इंटिरियर केलं की लहान जागा मोठी वाटते. आधीची मराठी घरं कळाहीन होती, तशी आता नकोत. चांगल्या सजावटीनं घरातल्या बाईचे कष्ट वाचतात. आणि शेवटचा, सगळ्यांच्या वरचा: एकदाच काय ते करून टाकायचं, म्हणजे पंधरा वर्षं बघायला नको. घर देखणं असावं हे मला पूर्ण मान्य आहे. देखणेपणा या रस्त्यानं येतो हे मान्य नाही.

जागेपासून सुरुवात करू. घर घेताना आपण इंचाइंचाचा हिशोब करतो. २०१७ मध्ये महारेरा आल्यापासून कार्पेट एरिया हा शब्द तर सगळ्यांना पाठ झालाय: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, आतल्या भिंती धरायच्या. बिल्डरनं चार चौरस फूट कमी दिले तर आपण भांडायला उठतो. आणि त्याच घरात दहा फुटी भिंतीला दीड फूट खोल युनिट ठोकून पंधरा चौरस फूट हसत हसत प्लायवुडला देऊन टाकतो. चौरस फुटाचा भाव वीस हजार धरला तरी ती तीन लाखांची जमीन झाली. वर सुताराचं बिल वेगळं.

उंचीचंही तेच. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीला जमिनीपासून स्लॅबच्या तळापर्यंत किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची मागते. उपनगरातला बिल्डर त्याहून फार वर जात नाही. मिळालेल्या त्या नऊ-साडेनऊ फुटांतले आठ इंच आपण फॉल्स सीलिंगला देतो. दहा बाय सोळाच्या हॉलमधून शंभरावर घनफूट हवा गेली, पंखा डोक्याजवळ आला, आणि लग्नाच्या घाईत मोठ्या बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न उरला तो उरलाच. जुना माळा निदान सामान तरी घेत होता. नव्या पोकळीत राहतात त्या पाली आणि झुरळं.

शिवाय त्या पोकळीला एक खोड आहे. ती बातमी लपवते. मुंबई उपनगरांत जूनपासून चार महिने कसा पाऊस पडतो हे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याची आठवण इथल्या प्रत्येक तळमजल्याला आहे. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी हा तर इथल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेचा कायमचा विषय. उघड्या स्लॅबवर ओल आली की दुसऱ्या दिवशी दिसते आणि भांडण वेळेत सुरू होतं. फॉल्स सीलिंगवर ती महिनोन् महिने मुरते. डाग खाली उतरेपर्यंत वर बुरशीचं राज्य झालेलं असतं, सळईला गंज धरलेला असतो, आणि वरचे काका म्हणतात, "इतके दिवस कसं काय कळलं नाही तुम्हाला?" वॉलपेपरमागची भिंत आणि पॅनेलमागचं वायरिंग यांचीही गोष्ट हीच.

आरशानं जागा मोठी दिसते, हे मात्र खरं. खिडकीसमोर लावलेला आरसा दुसऱ्या खिडकीचं काम करतो. पण त्यासाठी एक आरसा आणि दोन खिळे लागतात.

आता कळाहीनतेचा आरोप. तो निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा मी आधी कबूल करतो. आमच्या घरांत कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट असे, मधोमध एकच ट्यूबलाइट असे, आणि तिच्या उजेडात सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसत. आणि शोकेस! काचेआड ठेवलेली बाहुली, जिच्याशी कोणी खेळायचं नाही. सहा कपांचा सेट, ज्यातून कोणी चहा प्यायचा नाही. पाहुण्यांना दाखवण्यासाठी घराचा एक तुकडा कुलपात ठेवायची सवय आम्हीच लावली. भाच्याच्या सोनेरी पट्टीचा आजोबा आमच्याच शोकेसमध्ये बसला होता.

पण उरलेला निम्मा आरोप खोटा आहे, कारण तो त्या घरांकडे फोटो म्हणून बघतो. ती घरं फोटोसारखी स्थिर नव्हतीच. पंतनगरच्या, कन्नमवारनगरच्या म्हाडाच्या खोल्यांत सकाळी गाद्यांची चळत भिंतीला लागायची आणि झोपायच्या खोलीचा हॉल व्हायचा. दुपारी त्याच फरशीवर पापड वाळायचे, संध्याकाळी शिकवणीची मुलं बसायची, रात्री पुन्हा गाद्या. एका खोलीत चार खोल्या राहायच्या, फक्त वेळ वेगळी. विक्रोळीच्या कारखान्यातून आलेलं गोदरेजचं कपाट हे घरातलं सर्वांत जड सामान. पण वेळ आली तर चार माणसं लावून तेही हलायचं. १९२३ पासून बनत आलेल्या त्या पोलादी कपाटाला भिंतीत रुतायची गरज कधी वाटली नाही. रंगाचंही तसंच. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू नावाचा पोरगा हातात ब्रश आणि डबा घेऊन उभा असे. रंग काढायचा, पुन्हा द्यायचा, दिवाळीआधी भिंत नवी करायची, हेच त्याचं म्हणणं. भिंतीला नवं होण्याचा हक्क होता. लॅमिनेट चिकटवलेल्या भिंतीला तो नाही.

देखणेपणाचा प्रश्न इथेच येतो. भाच्याची भिंत पाहुण्यांना दहा सेकंद थक्क करते. भाचा मात्र तिच्याबरोबर पंधरा वर्षं राहणार आहे. रोज सारखीच दिसणारी गोष्ट डोळे बघायचं सोडून देतात. तिसऱ्या महिन्यानंतर जांभळे दिवे फक्त पाहुणे आले की लागतात. डोळ्याला धरून ठेवते ती बदलणारी गोष्ट, आणि अशी गोष्ट उपनगरातल्या फ्लॅटमध्ये फुकट येते. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटाला इथला सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. डिसेंबरच्या शेवटी तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर येतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून दिवाळीनंतर उन्हाचा कवडसा आत शिरतो, रोज थोडा पुढे सरकतो, डिसेंबर सरता सरता पुन्हा मागे फिरतो. असा देखावा कुठलाही डिझायनर विकत नाही. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला जवळजवळ ऐंशी टक्के परत देते. कोळशाच्या रंगाची भिंत दहा टक्क्यांच्या आसपास देते आणि बाकीचा गिळते. मग गिळलेला उजेड विजेच्या बिलातून परत आणायचा, आणि त्याला ‘मूड लाइटिंग’ म्हणायचं.

उजेडाची ही चोरी फक्त आतून झालेली नाही, हेही सांगायला हवं. १९९१ च्या विकास नियमावलीत बाल्कनी ठरावीक मर्यादेत एफएसआयमधून, म्हणजे परवानगीच्या बांधकामाच्या मोजणीतून, मोकळी होती, आणि पैसे भरून ती बंद करून घेता येत होती. लोकांनी ती धडाधड बंद केली आणि गॅलरी हॉलमध्ये विरघळली. जानेवारी २०१२ च्या बदलात बाल्कन्या, फ्लॉवरबेड सगळं एफएसआयमध्ये धरलं गेलं, बदल्यात पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय आला. बिल्डरला गॅलरी देण्यात फायदा उरला नाही. ज्या घरातून तुळस, दोरीवरचे कपडे आणि संध्याकाळचं वारं घालवलं, त्याच घरात आता भिंतीवर प्लास्टिकची हिरवळ चिकटवतात.

बाईच्या कष्टांचा मुद्दा सर्वांत सबळ आहे, आणि तिथे मी भाच्याच्या बाजूनं आहे. माझ्या आईनं आयुष्यभर कडप्प्याच्या बुटक्या ओट्यापुढे वाकून पोळ्या लाटल्या, डबे काढायला स्टुलावर चढली. ओट्याची उंची नीट झाली, डबे ट्रॉलीत आले, याला कोण नाही म्हणेल? पण या स्वयंपाकघराचा वंश बघा. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईनं फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं: १.९ मीटर रुंद, ३.४४ मीटर लांब, आपल्या वन बीएचकेच्या किचनला ओळखीचं वाटावं एवढं. ते हजारो घरांत बसलं. तिनं सुरुवात केली ती बाईची पावलं आणि हालचाली मोजून. आपल्याकडे सुरुवात होते शटरचा रंग ग्लॉसी की मॅट इथून. म्हणून पोळपाट ठेवायला जागा नसलेली, कुकरची शिटी झाली की चिमणीच्या काचेवर वाफ धरणारी, फोडणीचे डाग रोज दोनदा पुसावे लागणारी किचन्स तयार होतात. कष्ट वाचवणारं डिझाइन आणि दाखवायचं डिझाइन ही वेगळी कामं आहेत. पहिल्याचं पुण्य दुसऱ्याच्या नावावर लावू नये.

राहिला शेवटचा मुद्दा, "एकदाच करून टाकू". माझं खरं भांडण या वाक्याशी आहे.

माझ्याकडे हा शहाणपणा वारशानं आलेला नाही. मुलुंडच्या आमच्या घरात आम्हीही एकदाच करून टाकलं होतं. आईच्या खोलीत भिंतीला जोडलेला बॉक्सचा पलंग, त्याला लागून कपाट, कपाटाला लागून टेबल. सगळं एका अंगाचं, सगळं सनमायकाचं. बघणारे वाहवा करायचे. पुढे आई बाथरूममध्ये पडली, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी डोक्याकडून उचलता येणारी कॉट आणायला सांगितली. कॉट भाड्यानं आली आणि दारात अडकली, कारण आत तिला बसायला जागाच नव्हती. शेवटी सुताराला बोलावून करवतीनं पलंग कापला. आई हॉलमध्ये स्ट्रेचरवर पडून तो आवाज ऐकत होती. घर कुणासाठी सजवलं होतं, हा प्रश्न मला त्या दुपारी पहिल्यांदा पडला. माणसं एकदाच होत नाहीत. मूल होतं, त्याची दहावी येते, सासूबाई राहायला येतात, वॉकर येतो. एकदाच झालेल्या घरात या कोणालाच जागा नसते.

आणि "एकदाच करून टाकू" या वाक्याचं टोक घाटकोपरनं पाहिलंय. २५ जुलै २०१७ च्या सकाळी घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्कमधली साईसिद्धी ही चारमजली इमारत कोसळली. सतरा माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. कोणी म्हणेल, ते कुठे घराचं इंटिरियर होतं? बरोबर, नव्हतं. पण "हा खांब मध्ये येतोय" आणि "ही भिंत काढली की हॉल ओपन होईल" ही वाक्यं आपल्या घरांत रोज बोलली जातात. खांब काढत नाहीत, तरी जुन्या फरशीवर नवी फरशी चढवतात. पाच सेंटिमीटरचा मसाला आणि टाइल मिळून दर चौरस मीटरला शंभर किलोहून अधिक वजन होतं. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून जो भार धरून स्लॅब आखतात, तो चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोंचा. म्हणजे त्यातला निम्मा आपण चकाकीला दिला. महापालिका कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. त्या अहवालाची पानं उलटण्याआधी आपण टाइल्सचा कॅटलॉग उलटतो.

"म्हणजे घर ओकंबोकं ठेवायचं?" भाचा विचारेलच. अजिबात नाही. डोळे दिपवणारी सजावट आपल्याला कोणी शिकवायला नको. दर भाद्रपदात आपण ती करतो. दहा बाय बाराच्या खोलीत कॉट उभी केली जाते, टीव्ही शेजाऱ्यांकडे जातो, आईची पैठणी पडदा होते, आरशाचे तुकडे, कागदाची कमळं, दिव्यांच्या माळा, आणि दोन रात्रींत घराचा एक कोपरा ओळखू येईनासा होतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तर पुठ्ठ्याची, कापडाची, बांबूची मखरं उभी राहिली. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस. मग सगळं उतरतं. विसर्जनाहून पाटावर थोडी वाळू घेऊन घरी यायचं आणि त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघायचं. वर्षभरात तो कोपरा इतका नजरेत भरत नाही जितका त्या संध्याकाळी. मखर जर बारा महिने ठेवलं असतं तर त्यावर धूळ बसली असती, आणि दुसऱ्या गणपतीला आपल्याला ते दिसलंही नसतं.

वारली चित्रही मुळात असंच, प्रसंगापुरतं. भाच्याच्या खिडकीतून जे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल दिसतं, त्याच्या पाड्यांत वारली माणसं राहतात. त्यांचा लग्नचौक सवाशिणी लग्नाच्या वेळी गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं काढतात; प्रसंग सरतो, भिंत पुन्हा सारवली जाते. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता त्याच नक्षीचा वॉलपेपर उपनगरातल्या हॉलमध्ये पंधरा वर्षांसाठी चिकटतो. जपानी घरातही चटईची एकच खोली दिवसा बैठक आणि रात्री झोपायची जागा होते, आणि एका कोनाड्यात टांगलेलं चित्र ऋतूबरोबर बदलतं. आपल्याकडे कोनाडा होता, वळकटीही होती. दोन्ही आपण मागासलेपणाच्या यादीत टाकून दिली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: सजावट हा सण असू द्या, बांधकाम होऊ देऊ नका. पैसा आधी गळती आणि वायरिंगवर घाला, ते कोणाला दिसणार नसलं तरी. खिडकीपुढचं सगळं हलवा. मधल्या एका दिव्याऐवजी तीन ठिकाणी तीन छोटे दिवे ठेवा, प्लग काढून दुसरीकडे नेता येतील असे. एक भिंत मोकळी ठेवा आणि तिच्यावर जे लावाल ते ऋतूला बदला: कधी चित्र, कधी खण, कधी मुलीनं काढलेला वाघ. लाकडी सामान पायांवर उभं असावं, त्याच्याखाली झाडू जावा.

सुताराच्या पोटावर पाय येईल ही काळजी करू नका. त्याच्याकडून एक चांगलं टेबल करून घ्या आणि त्या टेबलाचे पैसे नीट द्या. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एकदा चक्कर मारा. तिथे सागवानी कपाटं, लांब हातांच्या खुर्च्या, आख्खे दरवाजे विकायला असतात. कुणाच्या तरी आजोबांचं सामान कुणाच्या तरी नातवाच्या घरी जातं. भिंतीला ठोकलेलं प्लायवुड त्या बाजारात कधीच पोचत नाही. ते निघतं तेव्हा तुकड्यांत निघतं आणि डेब्रिजच्या गोणीतून जातं.

परवा भाच्याचा फोन आला. नव्या घरातला पहिला गणपती. "मामा, मखर कुठे बसवायचं तेच कळत नाहीये. एका भिंतीला युनिट, एकीला सोफा, तिसरीला ती पॅनेलिंग... चौथीला तर दार आहे."

"टीव्ही उतरव," मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यानं जरा हळू आवाजात विचारलं, "पाट आहे का तुमच्याकडे?"

आहे. गोदरेजच्या कपाटामागे उभा आहे.